केली टोळीच्या मागावर: व्हिक्टोरियातली बुशरेंजर ठिकाणं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला पाहुणे आले की पहिला आठवडा ग्रेट ओशन रोड आणि फिलिप आयलंडच्या पेंग्विनांत जातो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "डोक्यावर लोखंडी डबा घातलेल्या माणसाचं चित्र जिथे तिथे दिसतं, तो कोण?" तो नेड केली. त्याची आणि त्याच्या टोळीची ठिकाणं बघायला निघणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बुशरेंजर म्हणजे नेमके कोण?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींत रानात दडून लूटमार करणारे फरारी. त्यांच्या साधारण तीन पिढ्या झाल्या. पहिल्या पिढीत काळ्या पाण्यावर पाठवलेले आणि इथल्या छावण्यांतून पळालेले कैदी होते. १८५१ नंतर न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सोनं सापडलं, तेव्हा सोनं वाहून नेणाऱ्या घोडागाड्या लुटणारी दुसरी पिढी उभी राहिली. ही बहुतेक इथेच जन्मलेली, घोड्यावर मांड पक्की असलेली तरुण पोरं. तिसरी पिढी म्हणजे केली टोळी. तिच्या मुळाशी जमिनीचं भांडण होतं. एकीकडे हजारो एकर कुरणं बळकावून बसलेले बडे स्क्वॉटर, दुसरीकडे सरकारकडून हप्त्यावर छोटा तुकडा घेऊन त्यावर कसंबसं पोट भरणारे सिलेक्टर. केली कुटुंब सिलेक्टर होतं, शिवाय आयरिश आणि कॅथलिक. पोलिसांच्या वहीत त्यांची नावं आधीपासूनच होती, आणि घोडेचोरीच्या बाबतीत ती उगाच नव्हती.

एकाच टोळीवर एवढा भर का?

कारण तिची जवळजवळ सगळी ठिकाणं ईशान्य व्हिक्टोरियात एका टापूत आहेत आणि तीन दिवसांत पायाखाली घालता येतात. बाकीच्या टोळ्यांची ठिकाणं न्यू साउथ वेल्सभर विखुरलेली आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी गोष्ट थोडक्यात सांगा ना, म्हणजे तिथे गेल्यावर काय बघतोय ते कळेल.

नेडचे वडील जॉन केली, टोपणनाव रेड. आयर्लंडच्या टिपररी भागात दोन डुकरं चोरल्याबद्दल त्यांना टास्मानियात पाठवण्यात आलं. शिक्षा संपल्यावर ते व्हिक्टोरियात आले आणि १८६६ मध्ये अव्हेनेल इथे वारले. आई एलन मुलांना घेऊन ग्रेटाजवळ इलेव्हन माइल क्रीकच्या काठी राहायला गेली.

एप्रिल १८७८ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाचा शिपाई नेडचा भाऊ डॅन याला पकडायला त्या घरी एकटाच गेला. आत काय झालं याबद्दल दोन्ही बाजूंनी आयुष्यभर वेगवेगळं सांगितलं. शिपाई म्हणाला, माझ्यावर खुनी हल्ला झाला. त्या आरोपावरून एलनला तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही अंगावरचं पोर कडेवर असताना. नेड आणि डॅन रानात गेले. जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट त्यांना येऊन मिळाले.

२६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क क्रीकवर या चौघांनी आपल्या शोधात आलेल्या पोलिसांवर झडप घातली आणि तिघांना ठार केलं. यानंतर सरकारने खास कायदा करून त्यांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलं, म्हणजे कुणीही दिसताक्षणी गोळी घालावी. डिसेंबरात युरोआची बँक लुटली, फेब्रुवारी १८७९ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या जेरिलडेरीची. जेरिलडेरीत पोलिसांना त्यांच्याच कोठडीत कोंडून, त्यांचेच गणवेश चढवून हे लोक गावात फिरले. एकूण इनाम ८,००० पौंडांवर गेलं, तरी जून १८८० पर्यंत त्यांना कुणी धरून दिलं नाही. शेवट ग्लेनरोवनला झाला. नेड जिवंत सापडला आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फासावर गेला.

मग तो नायक की खुनी?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियन माणसाला पबमध्ये विचारलात तर रात्र सरेल. आपल्याकडच्या वाचकाला लगेच उमाजी नाईक किंवा वासुदेव बळवंत फडके आठवतात. त्यातून फडके १८७९ मध्येच पकडले गेले, म्हणजे केली टोळी फरार होती त्याच वर्षी, त्यामुळे तुलनेचा मोह अनावर होतो. पण ती फार लांब ओढू नये. फडक्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उघड जाहीरनामा काढला होता. केलीचा राग पोलिसांवर, स्क्वॉटरांवर आणि आयरिश माणसाला मिळणाऱ्या वागणुकीवर होता. त्यातून वेगळं प्रजासत्ताक उभारायचं त्याच्या मनात होतं का, यावर इतिहासकारांत आजही जुंपते. त्याने जो बर्नकडून लिहून घेतलेलं, जेरिलडेरी पत्र म्हणून ओळखलं जाणारं सुमारे ८,००० शब्दांचं पत्र वाचलं तर माणूस कळतो. संताप खरा आहे, विनोद बोचरा आहे, आणि धमक्याही तितक्याच खऱ्या आहेत.

माझं मत विचाराल तर कुटुंबावर अन्याय झाला होता, आणि स्ट्रिंगीबार्कवरचे तीन मृत्यू त्या अन्यायाने धुतले जात नाहीत. म्हणूनच पुढे जो मार्ग सुचवला आहे तो मेलेल्या पोलिसांपासून सुरू होतो. बहुतेक लोक थेट ग्लेनरोवनला जातात, पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि परततात. त्यांना निम्मीच गोष्ट कळते.

किती दिवस लागतील आणि कुठून कुठे जायचं?

तीन दिवस, दोन मुक्काम, स्वतःची किंवा भाड्याची गाडी. मेलबर्नहून यी मार्गे मॅन्सफील्ड, तिथून स्ट्रिंगीबार्क क्रीक, मग पॉवर्स लुकआउट आणि व्हिटफील्ड करत रात्री बीचवर्थ. दुसरा पूर्ण दिवस बीचवर्थ आणि आसपास. तिसऱ्या दिवशी ग्लेनरोवन, बेनाल्ला, अव्हेनेल करत ह्यूम फ्रीवेने मेलबर्नला परत. तुरुंग आणि लायब्ररी चौथ्या दिवशी शहरात निवांत बघा.

या क्रमात एक सोय अशी की घटना जवळजवळ घडल्या त्याच ओळीत समोर येतात आणि तुरुंगात शेवटी पोचता. मेलबर्न ते मॅन्सफील्ड साधारण अडीच तास, बीचवर्थहून मेलबर्न तीन तास. एकाच दिवसात ग्लेनरोवन आणि बीचवर्थ उरकून परतणारेही आहेत. पण मग सहा तास गाडीत जातात आणि बीचवर्थच्या कोर्टात पाय टेकायलाही वेळ उरत नाही.

मॅन्सफील्ड आणि स्ट्रिंगीबार्क क्रीकला काय बघायचं?

मॅन्सफील्डच्या भर चौकात, वाहतूक ज्याला वळसा घालून जाते असं, पांढरट दगडाचं स्मारक आहे. त्यावर सार्जंट मायकल केनेडी, कॉन्स्टेबल थॉमस लोनिगन आणि कॉन्स्टेबल मायकल स्कॅनलन ही तीन नावं आहेत. तिघांच्या कबरी गावाच्या दफनभूमीत आहेत. आधी तिथे जा.

स्ट्रिंगीबार्क क्रीक टोल्मीजवळच्या जंगलात आहे. चार पोलीस साध्या कपड्यांत, टोळीचा माग काढायला इथे तळ ठोकून होते. केनेडी आणि स्कॅनलन टेहळणीला गेले असताना टोळीने तळावर बंदुका रोखल्या. लोनिगन तिथेच पडला. संध्याकाळी दोघे परतले तेव्हा शरण या म्हणून ओरडा झाला, गोळीबार झाला, स्कॅनलन कोसळला. केनेडी झाडांआडून लढत लढत मागे सरकला आणि थोड्या अंतरावर मारला गेला. चौथा, मॅकिन्टायर, केनेडीच्या घोड्यावर उडी टाकून निसटला. पुढे घोडा सोडावा लागल्यावर तो वॉम्बॅट नावाच्या जाडजूड प्राण्याच्या बिळात शिरला आणि काय घडलं ते त्याने तिथे दडल्या दडल्या आपल्या वहीत टिपून ठेवलं. खटल्यात नेडविरुद्धचा मुख्य साक्षीदार हाच.

पूर्वी इथे आलं की टोळीचीच गोष्ट वाचायला मिळे. २०१८ मध्ये, घटनेला १४० वर्षं झाली तेव्हा, ही जागा नव्याने मांडली गेली आणि मारल्या गेलेल्या पोलिसांना आणि त्यांच्या घरच्यांना मध्यभागी आणलं. पायवाट छोटी आहे, माहितीफलक आहेत. मूळ तळ नेमका कुठल्या झाडापाशी होता यावर हौशी अभ्यासकांची भांडणं चालू असतात, त्यांत पडू नका. ओढा अगदीच किरकोळ. उंच सरळसोट झाडं, सालीच्या लोंबत्या पट्ट्या आणि खाली दाट नेचे. दहा पावलांवर उभा असलेला माणूस दिसत नाही. एवढ्या शोधानंतरही टोळी वीस महिने कशी सापडली नाही, हे इथे उभं राहिल्यावर न सांगता कळतं.

मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरा. नकाशा आधीच उतरवून घ्या.

पॉवर्स लुकआउटसाठी वाकडी वाट करावी का?

करा, ती वाटेवरच आहे. हॅरी पॉवर हा आधीच्या पिढीचा बुशरेंजर, आणि पोरसवदा नेड काही काळ त्याच्या हाताखाली होता. १८७० मध्ये पोलिसांनी त्याला इथल्याच डोंगरात झोपेत पकडलं. कड्यावरून किंग व्हॅलीचं सगळं खोरं दिसतं. खाली कोण येतंय हे त्याला अर्धा दिवस आधी कळत असणार. झोपला आणि फसला.

बीचवर्थमध्ये एक पूर्ण दिवस? एवढं काय आहे तिथे?

हे सोन्यावर उभं राहिलेलं गाव. मधाळ रंगाच्या ग्रॅनाइटच्या सरकारी इमारती एका रांगेत आजही शाबूत आहेत, त्यामुळे कोर्ट, तार कार्यालय, तुरुंग हे सगळं चालत बघता येतं.

जुनं कोर्ट सोडू नका. १८५८ पासून १९८९ पर्यंत ते चालू होतं, म्हणून त्याला म्युझियमचा निर्जीवपणा आलेला नाही. बाक, आरोपीचा पिंजरा, न्यायाधीशाचं उंच आसन, सगळं जागच्या जागी. एलन केलीला न्यायमूर्ती रेडमंड बॅरी यांनी शिक्षा सुनावली ती याच दालनात, आणि ऑगस्ट १८८० मध्ये नेडची प्राथमिक सुनावणीही इथेच झाली. मुख्य खटला मात्र मेलबर्नला हलवला, कारण या भागातले ज्युरी त्याला सोडून देतील अशी सरकारला धास्ती होती. पिंजऱ्यात उभं राहायला मनाई नसेल तर उभे राहा. न्यायाधीशाच्या खुर्चीकडे मान वर करूनच बघावं लागतं, बांधणाऱ्याने तशीच योजना केली आहे.

मग बर्क म्युझियम. गावाबाहेर वूलशेड व्हॅलीत आरन शेरिटच्या खोपटाची जागा आहे. आरन हा जो बर्नचा बालमित्र. तो पोलिसांना फितूर झाल्याचा टोळीला संशय होता, आणि त्या रात्री त्याच्या घरात चार पोलीस पहाऱ्याला लपलेलेही होते. २६ जून १८८० रोजी जोने त्याला त्याच्याच दारात गोळ्या घातल्या. चारही पोलीस सकाळपर्यंत घराबाहेर पडले नाहीत.

गावच्या दफनभूमीत चिनी खाणकामगारांचा भाग आणि त्यांचे जुने अग्निस्तंभ, म्हणजे मृतांसाठी अर्पणाच्या वस्तू जाळायचे बुरूज, आहेत. केली टोळीशी संबंध एवढाच की जो बर्न चिनी वस्तीशेजारी वाढला आणि त्यांची भाषा थोडीफार बोलायचा. तेवढ्यासाठी नाही, तरी जा.

ग्लेनरोवनला नेमकं काय घडलं आणि आज काय दिसतं?

आरनचा खून हे आमिष होतं. बातमी कळताच मेलबर्नहून पोलिसांची खास रेल्वेगाडी बीचवर्थकडे सुटणार हे टोळीला ठाऊक होतं. त्यांनी ग्लेनरोवनच्या पुढे वळणावर रूळ उखडले आणि गावकऱ्यांना अ‍ॅन जोन्सच्या खानावळीत ओलीस ठेवलं. सुमारे साठ माणसं होती. पण गाडी यायलाच तयार नव्हती. रविवार गेला, गाणी झाली, नाच झाला. गावचा शिक्षक थॉमस कर्नो याने नेडचा विश्वास कमावला आणि बायकोला बरं नाही म्हणून घरी जायची परवानगी मिळवली. रात्री इंजिनाचा आवाज ऐकताच तो रुळांवर धावला. बहिणीचा लाल स्कार्फ आणि त्यामागे पेटती मेणबत्ती धरून त्याने गाडी थांबवली. ती थांबली नसती तर चिलखत घातलेल्या चौघांसमोर उलथलेले डबे आणि जखमी माणसं, एवढंच उरलं असतं.

मग रात्रभर गोळीबार. खानावळीच्या भिंती पातळ लाकडाच्या. पोलिसांच्या गोळ्या ओलिसांनाही लागल्या आणि खानावळवालीचा मुलगा जॉनी जोन्स दगावला. जो बर्न आत मेला. जखमी नेड आधीच रानात निसटला होता. २८ जूनच्या पहाटे धुक्यातून तो चिलखतासह परत चालत आला, पोलिसांच्या पाठीमागून. डोकं आणि छाती लोखंडात, पाय उघडे. पायांवर गोळ्या घातल्यावर तो पडला. दुपारी पोलिसांनी खानावळीला आग लावली. डॅन आणि स्टीव्ह हार्ट यांचे जळालेले देह आत सापडले.

आज खानावळ नाही, मोकळी जागा आहे. २००८ मध्ये तिथे उत्खनन झालं होतं. ही जागा राष्ट्रीय वारसा यादीत आहे. फलक वाचत स्टेशन, खानावळीची जागा आणि नेड पडला ती जागा असा छोटा फेरा मारता येतो. हे सगळं एकमेकांपासून किती जवळ आहे, याचंच नवल वाटतं. रस्त्याकडेला चिलखतातल्या नेडचा सुमारे सहा मीटर उंच रंगीत पुतळा आहे. आजूबाजूला टीशर्ट, कप, चुंबकं. बाजार आहे, असू दे, पण त्यातच रमून पटांगण बघायचं राहू देऊ नका. कर्नोने गाडी थांबवली त्या बाजूलाही जरूर जा. तिथे गर्दी नसते.

बेनाल्ला आणि अव्हेनेल?

बेनाल्लाला पोलिसांनी जो बर्नचा मृतदेह कोठडीच्या दारावर दोरीने लटकवून छायाचित्रकारांसमोर मांडला होता. ते छायाचित्र आजही अंगावर काटा आणतं. गावच्या म्युझियमच्या संग्रहात हिरवा रेशमी पट्टा आहे. नेड लहान असताना अव्हेनेलच्या ह्यूजेस क्रीकमध्ये रिचर्ड शेल्टन नावाचा मुलगा बुडत होता, त्याला नेडने वाचवलं. शेल्टन कुटुंबाने कौतुकाने हा पट्टा दिला. ग्लेनरोवनच्या लढाईत तो चिलखताखाली नेडच्या अंगावर होता, आणि त्यावर रक्ताचे डाग आहेत. जाण्याआधी पट्टा मांडलेला आहे का ते विचारून घ्या. अव्हेनेलला तो ओढा आहे, जुना दगडी पूल आहे आणि वडिलांची कबर आहे.

नेडची कबर कुठे आहे? आणि त्यांचं घर?

फाशीनंतर त्याला तुरुंगाच्या आवारातच पुरलं. तो तुरुंग बंद झाल्यावर १९२९ मध्ये तिथल्या कैद्यांचे अवशेष पेंट्रिज तुरुंगात हलवले. २०११ मध्ये डीएनए तपासणीने नेडचे अवशेष ओळखले गेले, कवटी मात्र सापडली नाही. २० जानेवारी २०१३ रोजी ग्रेटाच्या दफनभूमीत कुटुंबाने त्याचं दफन केलं. कबरीवर खूण नाही आणि ती कुटुंबाने ठरवूनच ठेवलेली नाही. डॅन आणि स्टीव्हही त्याच आवारात, तेही खुणेविना. तेव्हा दफनभूमीत जाऊन कबर शोधत हिंडू नका. फाटकाशी थांबा, पुढे निघा.

घराचे पडके अवशेष खाजगी जमिनीत आहेत. कुंपण ओलांडून आत जाणं गुन्हा आहे, आणि शेतकऱ्याला ते मुळीच चालत नाही. "दोनच मिनिटं" हे इथे कुणी ऐकून घेत नाही.

मेलबर्न शहरात अर्धाच दिवस असेल तर?

मग स्टेट लायब्ररी आणि ओल्ड मेलबर्न जेल. दोन्ही चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, मेलबर्न सेंट्रल स्टेशनला उतरा.

लायब्ररीत प्रवेश फुकट. नेडचं मूळ चिलखत इथे आहे. नांगराच्या लोखंडी पात्यांतून ठोकून बनवलेलं, सुमारे ४४ किलो वजनाचं, गोळ्यांचे पोचे स्पष्ट दिसतात. काचेजवळ जाऊन शिरस्त्राणाची डोळ्यांची फट बघा. एवढ्याशा चिरेतून, पहाटेच्या धुक्यात, पोलिसांच्या बंदुकांसमोर त्याला काय दिसलं असेल? जेरिलडेरी पत्रही याच लायब्ररीकडे आहे.

बाहेर पडताना दारासमोरच्या पुतळ्यापाशी थांबा. हे रेडमंड बॅरी, या लायब्ररीचे संस्थापक. एलनला तुरुंगात आणि नेडला फासावर पाठवणारे न्यायमूर्ती हेच. नेडच्या फाशीनंतर बाराव्या दिवशी ते आजाराने वारले. दारात न्यायाधीश आणि आत त्याच्या आरोपीचं चिलखत! हजारो लोक रोज या दोघांमधून ये-जा करतात, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.

जेलला तिकीट लागतं. तीन मजली अरुंद कोठड्या, मधे लोखंडी जिने, आणि फाशीचा तख्ता. इथे किमान १३३ जणांना फाशी दिलं गेलं. नेडला फाशी झाली तेव्हा त्याची आई याच तुरुंगात शिक्षा भोगत होती. फाशी रद्द करावी म्हणून तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज गेला होता, पण उपयोग झाला नाही. जुनी इमारत आहे, दुरुस्तीसाठी भाग बंद असू शकतात. त्या दिवशी उघडं आहे का ते पाहूनच निघा.

"सच इज लाइफ" हे त्याचे शेवटचे शब्द ना?

गोंदवून घेण्याइतके ते प्रसिद्ध आहेत, पण खात्री देता येत नाही. हजर असलेल्या वार्ताहरांनीच वेगवेगळं लिहून ठेवलंय.

माग काढणाऱ्या आदिवासींचं काय? त्यांचं नाव कुठे दिसत नाही.

बरोबर पकडलंत. क्वीन्सलँडहून आदिवासी माग काढणाऱ्यांची तुकडी मुद्दाम आणली होती. केलीला सगळ्यांत जास्त धाक त्यांचाच होता. ग्लेनरोवनच्या लढाईतही ते होते. इनाम वाटताना मात्र त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. पोलीस अधीक्षक हेअर यांना ८०० पौंड मिळाले, माग काढणाऱ्यांच्या नावावर प्रत्येकी ५० मांडले गेले आणि तेही त्यांच्या हातात न देता सरकारकडे वळवले. ही ठिकाणं बघताना हेही ध्यानात ठेवा की स्क्वॉटर आणि सिलेक्टर ज्या जमिनीवरून भांडत होते ती दोघांचीही नव्हती.

गाडी नसेल तर जमेल का?

काही प्रमाणात. सदर्न क्रॉस स्टेशनहून ऑल्बरीकडे जाणारी व्ही-लाइन रेल्वेगाडी अव्हेनेल, युरोआ, बेनाल्ला, वँगरॅट्टाला थांबते. वँगरॅट्टाहून बीचवर्थला बस मिळते. २०२३ पासून व्हिक्टोरियात लांबच्या गाड्यांचं भाडंही मेलबर्नच्या दिवसभराच्या तिकिटाइतकंच ठेवलं आहे, त्यामुळे हा प्रवास स्वस्तात पडतो. जागा आरक्षित करा. गंमत म्हणजे गाडी ग्लेनरोवनमधून जाते, पण थांबत नाही. स्ट्रिंगीबार्कला गाडीशिवाय पोचता येत नाही.

भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आला असाल आणि लायसन्स इंग्रजीत असेल तर चालते. भाड्याची गाडी देणारे कधी कधी आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तो काढून आणलेला बरा. गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढं आपल्या सवयीचं. ह्यूम फ्रीवेवर ताशी ११० ची मर्यादा आहे, आणि दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजला जातो. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारायची आपली युक्ती इथे फुकट जाते. टोल्मी, व्हिटफील्डचे रस्ते अंधार पडायच्या आत संपवा. तिन्हीसांजेला कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात, आणि वॉम्बॅटला धडक म्हणजे दगडाला धडक.

कधी जावं?

एप्रिल-मे. बीचवर्थची पानं तेव्हा रंग बदलतात आणि हवा आल्हाददायक असते. जून-जुलैत डोंगरात बोचरी थंडी असते, पण ग्लेनरोवनची लढाई त्याच दिवसांत झाली. पहाटेचं धुकं बघायचं असेल तर हाच काळ. जानेवारी-फेब्रुवारीत शक्यतो नको. पारा चाळिशीला टेकतो, वणव्याच्या धोक्याच्या दिवशी जंगलातले भाग बंद ठेवतात, आणि गवतात साप असतात.

मुलांना आणि आई-बाबांना झेपेल का?

ग्लेनरोवन आणि बीचवर्थ सगळ्यांना झेपतं, जमीन सपाट आहे. जेलमधल्या वरच्या मजल्यांचे जिने गुडघे दुखणाऱ्यांना जड जातात, खालचा मजला पुरेसा आहे. लहान मुलांना फाशीचा तख्ता आणि मृत्यूनंतर घेतलेले मुखवटे दाखवायचे की नाही ते तुम्ही ठरवा. रात्रीच्या फेऱ्यांना वयाची अट असते.

तिथल्या लोकांशी बोलताना काही जपावं लागतं का?

हो. दोन्ही बाजूंचे वंशज याच भागात राहतात. मॅन्सफील्डच्या दुकानात केलीचा टीशर्ट घालून "काय धाडसी माणूस!" म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ग्रेटात उलट. कुणाचंही मत विचारा, ऐकून घ्या, आपलं ठोकू नका. आणि वारसास्थळांवर मेटल डिटेक्टर, उकरणं, "आठवण म्हणून" गोळी किंवा खिळा उचलणं बेकायदा आहे.

खाण्याचं काय? शाकाहारी मिळतं?

बीचवर्थमध्ये बेकरी आणि कॅफे चांगले आहेत, मिलावा गावात चीज, किंग व्हॅलीत इटालियन कुटुंबांची जेवणघरं. बाकी गावांत पब. पबचं स्वयंपाकघर साडेआठच्या सुमारास बंद होतं आणि शाकाहारी म्हणजे बहुधा एकच पदार्थ. दशम्या, चटणी बरोबर ठेवा. बाहेरून ऑस्ट्रेलियात येताना मात्र खाण्याच्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, हे पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा.

सिडनीकडे राहणाऱ्यांनी काय बघावं?

बेन हॉल. १५ जून १८६२ रोजी फ्रँक गार्डिनरच्या टोळीने युगावराजवळ सोन्याची गाडी लुटली. तो खडक एस्कॉर्ट रॉक म्हणून दाखवतात. त्या टोळीत असलेल्या बेन हॉलने पुढे स्वतःची टोळी चालवली. १८६३ मध्ये या टोळीने कनाविंड्रा गाव तीन दिवस ताब्यात ठेवून लोकांना खाऊपिऊ घातलं. ५ मे १८६५ रोजी पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. फोर्ब्सच्या दफनभूमीत त्याची कबर आहे, सिडनीहून पाचेक तास. त्याचा साथीदार जॉन गिल्बर्ट बिनलाँगला पुरलेला आहे.

न्यू इंग्लंड हायवेने आर्मिडेलकडे जाणार असाल तर उरल्लाला थांबा. तिथे कॅप्टन थंडरबोल्ट ऊर्फ फ्रेड वॉर्डची कबर आणि घोड्यावरचा पुतळा आहे. गावाबाहेर तो ज्यामागे दबा धरायचा ते खडक रस्त्यावरूनच दिसतात. त्याची साथीदार मेरी अ‍ॅन बग ही आदिवासी स्त्री होती, आणि तो इतकी वर्षं सापडला नाही यात तिचा वाटा मोठा होता. कबर बघून झाल्यावर तिच्याबद्दल गावात विचारा.

कॅनबेराच्या बाजूने मेलबर्नला गाडीने येत असाल तर गंडगाई वाटेत लागतं. १८८० मध्ये सिडनीत फासावर गेलेला कॅप्टन मूनलाइट तिथल्या दफनभूमीत आहे. मित्राजवळ पुरावं ही त्याची शेवटची इच्छा १९९५ मध्ये पुरी झाली. ह्यूम हायवेपासून दफनभूमी फार आत नाही, अर्धा तास राखून ठेवा.